डी५०० की ७डी: अवीला पत्र

पुणे

प्रिय अवी,

तुझं पत्र पोचलं. शेवटची ओळ वाचून आधी खूश झालो आणि मग डोक्याला भुंगा लागला. “माझी १००-४०० घेऊन जा, बॉडी कॅननची घे आणि विषय संपव.” फुकटची लेन्स कोण नाकारतो रे? त्यातून तुझ्या हातची. रत्नागिरीच्या पावसाळ्यांत राहूनही तिच्या काचेवर बुरशीचा ठिपका नाही, हे मी स्वतः पाहिलंय. तरीही मी निकॉन डी५०० घ्यायच्या विचारात आहे, जवळजवळ ठरलंच आहे. शिव्या घालायच्या आधी पूर्ण वाच.

मिररलेसचा, म्हणजे आतला आरसा काढून पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांचा मुद्दा आधीच निकालात काढतो, कारण तुझा धाकटा तो काढणारच. पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरणारे कॅमेरे आता आलेत, ते सरस आहेत, मान्य. पण त्या पैशात माझी बॉडी, लेन्स आणि वर वर्षभराचं पेट्रोल निघतं. शिवाय मला काचेतून खरा पक्षी बघायला आवडतं, पडद्यावरचा नाही. हा हट्ट आहे, युक्तिवाद नाही.

म्हणजे सेकंड हँड बाजारात माझ्यापुरते दोनच उमेदवार उरले. तुझा कॅनन ७डी मार्क टू २०१४ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालेला आणि निकॉनचा डी५०० २०१६ च्या जानेवारीत. कागदावर दोघं सख्खे भाऊ वाटतात. एक २०.२ मेगापिक्सेल, दुसरा २०.९. दोघंही सेकंदाला १० फोटो काढतात, दोघांच्या शटरचं आयुष्य कंपनीने २ लाख फोटो सांगितलेलं, वजनात उणेपुरे ५० ग्रॅम इकडेतिकडे. मेगापिक्सेलवरून भांडणाऱ्यांना इथे कामच नाही.

म्हणून दोन्ही भाड्याने आणले आणि भाच्याला घेऊन उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला गेलो. कॅननवर तुझ्याकडे आहे तीच १००-४०० मार्क टू, निकॉनवर २००-५००. कुंभारगावातून पहाटे होडीत बसलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. पहिला फरक अंधारातच कळला: डी५०० च्या बऱ्याच बटणांना मागून दिवा आहे. तुला हसू येईल, पण हातमोजे घालून काळोखात बटण चाचपडायचं म्हणजे काय असतं ते तू मेळघाटात अनुभवलंयस.

खरी परीक्षा कवड्या धीवराने (काळ्या-पांढऱ्या खंड्याने) घेतली. तो पाण्यावर पंख फडफडवत एका जागी थांबतो, डोकं मात्र खिळवल्यासारखं स्थिर. या अवस्थेत फोकस दोन्ही कॅमेऱ्यांनी झटकन पकडला. पण तो बुडी कधी मारेल याचा भरवसा नाही, म्हणून आपण आधीपासून बटण दाबून ठेवतो. आता गणित बघ. ७डी मार्क टूच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ३१ रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो मावतात, म्हणजे तीन सेकंद. चौथ्या सेकंदाला कॅमेरा दम खात, थांबत थांबत फोटो काढतो, आणि धीवर नेमका तेव्हाच पंख मिटून खाली येतो. हातात काय उरतं, तर फडफडीचे ढीगभर एकसारखे फोटो आणि नंतर पाण्यावरची वर्तुळं. डी५०० मध्ये एक्सक्यूडी हे वेगवान मेमरी कार्ड असेल तर २०० रॉ फोटो सलग निघतात, म्हणजे वीस सेकंद. तेवढा वेळ माझा हातच टिकत नाही. तू म्हणशील, थोडं थोडं दाबावं, अंदाज घ्यावा. तुला जमतं. तुझी पंचवीस वर्षं पक्ष्यांत गेली, माझी बँकेत.

दुसरा फरक फोकसच्या बिंदूंचा. तुझ्या कॅमेऱ्यात ६५ बिंदू आणि सगळेच्या सगळे क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे), त्याबद्दल तू कॉलर ताठ करतोस ते योग्यच आहे. डी५०० मध्ये १५३ आहेत, त्यातले ९९ क्रॉस. निकॉनने त्यांच्या तेव्हाच्या सर्वांत महागड्या डी५ चीच फोकस यंत्रणा यात बसवली. पण मला आकड्यापेक्षा पसारा महत्त्वाचा वाटला. हे बिंदू चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेपर्यंत जवळपास भिडतात. नदी सुरय तिरका वळतो, होडी हलते, पक्षी चौकटीच्या टोकाला जातो, तरी तिथेही त्याला धरायला बिंदू असतो. कॅननमध्ये पक्ष्याला थोडं आत ठेवावं लागतं. होडीत मला ते जमेना, किनाऱ्यावर उभं राहिल्यावर आरामात जमलं. भाच्याला दोन्हीकडे जमत होतं, पण त्याचं वय वेगळं.

उजेडाचं म्हणशील तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ला निकॉन थोडा स्वच्छ, थोडाच. फरक पडतो तो सावल्या उजळताना. पट्टकादंबांचा थवा होता: डोकं पांढरंशुभ्र, त्यावर दोन काळे पट्टे, अंग राखाडी. पांढरं जळू नये म्हणून फोटो मुद्दाम काळपट काढला आणि घरी येऊन अंधारा भाग वर खेचला. निकॉनच्या फाइलने मुकाट्याने ऐकलं. कॅननच्या फाइलमध्ये तोच भाग उचलताना दाणे लवकर वर आले. तू पहिल्याच फटक्यात नेमकं एक्स्पोजर देतोस, म्हणून तुला हे कधी टोचलं नसेल.

आता तुझ्या बाजूने बोलतो, नाहीतर हे पत्र निकॉनची जाहिरात वाटेल. डी५०० वर २००-५०० लावली की सगळं मिळून ३ किलोच्या वर जातं, कारण ती लेन्सच कॉलरसकट २ किलो ३०० ग्रॅमची. तुझी जोडी अडीच किलोच्या आसपास. सूर्य वर येईपर्यंत माझा खांदा भरून आला आणि भाच्याने निमूटपणे कॅनन स्वतःकडे ठेवला, परत द्यायचं नाव नाही. तुझी लेन्स फोकसही चपळाईने करते. २००-५०० ची झूम रिंग तर एका दमात या टोकापासून त्या टोकाला जातच नाही, हात बदलावा लागतो. आणि दुपारी पक्षी गप्प झाल्यावर काठावरच्या गवतात चतुर बसले होते. तुझी १००-४०० एक मीटरच्याही आत फोकस घेते, त्यांच्या पंखांच्या शिरा न् शिरा आल्या. २००-५०० ला दोन मीटरच्या वर मागे सरकावं लागतं, म्हणजे मी चिखलात. त्या संध्याकाळी मी तुझ्या बाजूला झुकलोच होतो.

मग ३०० ची छोटी लेन्स आठवली. निकॉनची ३०० एमएम एफ ४ पीएफ, २०१५ मध्ये आलेली, वजन फक्त ७५५ ग्रॅम. तिला १.४ चा कन्व्हर्टर (पल्ला वाढवणारी जोडकाच) लावला की ४२० एमएम एफ ५.६ होते, आणि डी५०० सकट सगळा संसार १ किलो ८०० च्या आसपास. छोट्या सेन्सरमुळे पल्ला वाढल्यासारखा दिसतो तो क्रॉप डी५०० चा दीडपट, म्हणजे ६३०. तुझा १.६ पट, म्हणजे ४०० चे ६४०. या दहाचं काय लोणचं घालायचंय? शिवाय पहाटे कन्व्हर्टर काढून ठेवला की एफ ४ हातात येतं, म्हणजे तुझ्या एफ ५.६ च्या दुप्पट उजेड. जवळचा फोकस १.४ मीटर, चतुरांसाठी पुरे. दोष दोन. झूम नाही, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा अगदी होडीजवळून उडाला तर अर्धा थवा कापला जाणार. आणि पीएफच्या खास काचेमुळे समोर तीव्र प्रकाश असला तर त्याच्याभोवती रंगीत कडी उमटू शकते. भिगवणला मावळतीच्या सूर्यासमोरचे फोटो काढायची मला आवड आहे, तिथे जपावं लागेल. चालेल.

कार्डाचा मात्र वैताग आहे. एक्सक्यूडी महाग, दुकानात सहज मिळत नाही आणि त्याला वेगळा रीडर लागतो. नंतरच्या फर्मवेअरमुळे (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरमुळे) सीएफएक्सप्रेस कार्डही चालतं, म्हणून तेच घेईन. दुसऱ्या खाचेत साधं एसडी चालतं. तुझ्या कॅमेऱ्यातला जीपीएस आणि वरचा छोटा फ्लॅश माझ्याकडे नसेल. फ्लॅशची खंत नाही. जीपीएसबद्दल तुलाच एक सांगायचं होतं: घरट्याचे फोटो ग्रुपवर टाकताना त्यातली जागेची नोंद काढून टाकत जा. चोर फक्त मानवी वस्तीतच नसतात.

बॉडी मी अजून घेतलेली नाही. हडपसरला एकाकडे आहे, दिसायला ठीक. त्याच्याकडून एक ताजी फाइल मागवलीये, कारण निकॉनमध्ये शटर किती वेळा उडालं ते फोटोच्या माहितीतच लिहिलेलं असतं. तुमच्या ७डी सारखी कॅमेरा संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने शोधाशोध करावी लागत नाही. बॅटरीही बघणार आहे. डी५०० जुन्या ईएन-ईएल१५ बॅटरीवर लवकर दमतो, म्हणून सोबतच्या बॅटरीवर ‘ली-आयन २०’ छापलेलं असलेलं बरं.

डिसेंबरात तुम्ही दोघं पुण्याला येणारच आहात. येताना १००-४०० आण, पण तुझ्याच कॅमेऱ्यावर लावून आण. एकाच होडीत, एकाच धीवरावर दोन्ही चालवू. तोवर माझ्याकडे काही घेतलेलं नसलं, तर लेन्सबद्दलचं तुझं बोलणं अजून उभं आहे असं मी धरून चालतो.

वहिनींना नमस्कार. आंबापोळी संपली आहे हे त्यांना सहज, बोलता बोलता सांग.

तुझा,
सुहास

ता. क. जड लेन्स तोलणारं गिंबल हेड आणू नकोस. होडीत ट्रायपॉड लावायला नावाडी गेल्या खेपेलाच नाही म्हणाला.