अरबीच्या वर्गातली धास्ती

प्रिय अनिरुद्ध,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. दिल्लीतल्या तुझ्या अरबीच्या वर्गात पहिल्या वर्षी हिरिरीने उत्तरे देणारी मुले दुसऱ्या वर्षी मान खाली घालून बसतात, त्यांना धीर कसा द्यावा, असे तू विचारतोस. माझ्या मते ती कशाने बिचकतात, हे आधी पाहायला हवे.

पहिल्या वर्षाच्या पुस्तकात स्वरचिन्हे छापलेली असतात. पुढे वर्तमानपत्राचा उतारा समोर येतो, त्यात ऱ्हस्व स्वर लिहिलेलेच नसतात. त्यामुळे तीच तीन अक्षरे ‘कतब’ (त्याने लिहिले), ‘कुतिब’ (लिहिले गेले) की ‘कुतुब’ (पुस्तके) अशी वाचायची, हे वाक्याचा अर्थ लागल्याशिवाय ठरत नाही. जो वाचता येत होता तो मजकूर अचानक वाचता येईनासा झाला, की मुलाला वाटते आपलीच बुद्धी आटली. त्यात शेजारी मदरशातून आलेला, नह्व आणि सर्फ म्हणजे वाक्यरचना व शब्दरूपे पक्की असलेला विद्यार्थी बसलेला असतो. गंमत अशी की बोलायची वेळ आली की तोही गप्प होतो, कारण चूक झाली तर त्याची लाज अधिक जाते.

तिसरा धक्का वर्गाबाहेरचा. तुमच्याकडची बरीच मुले इस्पितळांत इराकी, येमेनी रुग्णांसाठी दुभाष्याचे काम करतात, आणि रुग्ण तर वर्गातल्या लेखी अरबीत नव्हे, आपल्या घरच्या बोलीत बोलतो. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली लेखी व बोली भाषेतल्या या दुहेरीपणावर लिहिले, तेव्हा त्यांच्या चार उदाहरणांत अरबी एक होती. हे पहिल्याच आठवड्यात सांगितलेस, तर मुले निदान स्वतःला दोष देणार नाहीत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था इंग्रजी भाषकांना अरबीसाठी सुमारे २२०० तास लागतात असे धरते, हेही सांग. उर्दू-हिंदीमुळे आपल्या मुलांना शब्दांचा थोडा आधार असला, तरी व्याकरणात तो उपयोगी पडत नाही.

‘तुला जमेल’ या वाक्यावर माझा फारसा भरवसा नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडले, की ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत अधिक येतो तो स्वतः काही तडीस नेल्याने, आणि दुसऱ्याच्या शब्दांनी आलेला मात्र फार टिकत नाही. म्हणून एकच छोटा उतारा आठवडाभर घे, सोमवारी सगळी चिन्हे ठेव, रोज काही काढत जा आणि शनिवारी कोरा उतारा वाचायला लाव. मदरशातल्या मुलाची नवख्याशी जोडी लाव, म्हणजे एकाला समजावताना बोलावे लागेल आणि दुसऱ्याला विचारायला संकोच वाटणार नाही. वर्गात पाहुणा बोलवायचा तर कैरोचा प्राध्यापक नको. दुभाष्याचे काम करणारा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बोलव.

आणि केवळ नोकरीसाठी अरबी घेतलेल्यांना कमी लेखू नकोस. महिनाअखेरचा पगार दिसत असलेला मुलगा पुष्कळदा साहित्यप्रेमी मुलापेक्षा चिवट निघतो.

उतारा निवडलास की मला पाठव, स्वरचिन्हे कोणत्या क्रमाने काढावीत ते मी खुणा करून कळवीन. काकूंना माझा नमस्कार.

तुझा,
माधव