पटकीचे विष आणि सशाचे आतडे

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज उतरलेला होता. पीएच.डी.चे दुसरे वर्ष सरत आले, तरी तू वाढवलेल्या जिवाणूंचा पेशींवर काहीच परिणाम दिसत नाही, आणि मोठ्या संस्थांतली यंत्रे नसताना आपल्याकडे असे संशोधन होणेच शक्य नाही, असे तू म्हणालीस. तेव्हा मी गप्प राहिले, कारण कलकत्त्यात पटकीवर (कॉलऱ्यावर) संशोधन करणाऱ्या डॉ. शंभुनाथ डे यांचे काम तुला नीट सांगावे असे मनात आले आणि ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या रुग्णांमधून स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू ओळखला आणि तो एखादे विष सोडत असावा, असा तर्कही मांडला. पुढे ७५ वर्षे ते विष कोणाच्या हाती लागले नाही. संशोधक जिवाणू प्राण्यांना तोंडावाटे देत, रक्तात टोचत. प्राणी कधी दगावत, कधी ठणठणीत राहत, पण माणसाला होते तशी पटकी त्यांना होत नसे. मेलेल्या जिवाणूच्या शरीरातून बाहेर पडणारे विष हेच रोगाचे कारण असावे, हा समज इतका घट्ट बसला होता की शोध त्याच वाटेने चालू राहिला.

डे हे हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी गावचे, जन्म १९१५ चा. लंडनहून १९४९ साली पीएच.डी. घेऊन ते कलकत्त्याला परतले आणि वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) शिकवता शिकवता त्यांनी पटकीचा प्रश्न हाती घेतला. रोग आतड्यात होतो, तर जिवाणू थेट आतड्यातच का सोडू नयेत, एवढाच त्यांचा विचार होता. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून त्यांनी त्यात जिवाणू टोचले, आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टरारून फुगलेला आढळला. ही पद्धत १९५३ साली प्रसिद्ध झाली. १९५९ साली त्यांनी जिवाणू गाळून काढलेला, नुसता द्रव तशाच तुकड्यात घातला आणि तोही तसाच फुगला. म्हणजे विष जिवंत जिवाणूच बाहेर सोडत होता. ससा, दोरा, सुई आणि गाळणी यांपलीकडे या प्रयोगाला फारसे काही लागले नव्हते, हे वाचताना मला आजही भरून येते. (आपल्या परळच्या हाफकिन संस्थेतही त्याच सुमारास दत्ता आणि त्यांचे सहकारी सशाच्या पिलांवर पटकीचा अभ्यास करत होते.)

ते विष आतड्याचे अस्तर फाडत नाही, तर पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावते, हे नंतर उलगडले. साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची पेशींची वाट मात्र शाबूत राहते, म्हणून तर जलसंजीवनी, म्हणजे मीठ-साखरेचे पाणी, उपयोगी पडते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिच्या बळावर हजारो जीव वाचवले.

डे यांना हयातीत आपल्या देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने सदस्यत्व दिले नाही. १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले, तेव्हा ते निवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती, आणि १९८५ साली ते गेले. अशी उपेक्षा निमूट सोसणे हा गुण म्हणून तुला शिकवावा, असे मला मुळीच वाटत नाही. तो अन्यायच होता. तुझ्या कामाचे श्रेय जिथे तुझे असेल, तिथे ते मागायला संकोचू नकोस.

तुझ्या प्रयोगाबद्दल एक विचारायचे आहे. तुझा जिवाणू माणसाच्या शरीरात नेमका जिथे रोग करतो, तिथल्याच पेशी तू वापरतेस का, की प्रयोगशाळेत आधीपासून वाढत होत्या म्हणून त्या घेतल्या? आणि जिवाणू गाळून उरलेला द्रव त्या पेशींवर कधी घालून पाहिला आहेस का? कदाचित हे सगळे तू केव्हाच तपासले असशील. तरीही नोंदवहीतली ती पाने सवडीने उतरवून पाठव. निवृत्त झाले असले तरी आकडे वाचायला मला अजून आवडते.

जेवण वेळेवर करत जा.

तुझी,
आई