हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या तपासण्यांबाबत आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

झटका आलेल्या रुग्णाची बंद धमनी तातडीने उघडण्यावर सरकारी निधी खर्च होतो, हे योग्यच आहे. मात्र त्यानंतर हृदयाच्या स्नायूची अवस्था काय, हे पाहण्यासाठीही तरतूद असावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

स्नायूपेशींना इजा झाली की त्यांतील ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते. 3-4 तासांत त्याची पातळी वाढलेली दिसते आणि आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक काळ ती चढी राहते. तरीही डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा नुसते ‘ट्रोपोनिन पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले असते. अशा रुग्णाच्या छातीत सहाव्या दिवशी पुन्हा दुखू लागले, तर ही वाढ जुन्या झटक्याची की नव्या, हे ठरवताना आधीचा आकडा आणि नमुना घेतल्याची वेळ, दोन्ही हाताशी नसतात. ही नोंद सक्तीची करायला तर पैसाही लागत नाही.

ट्रोपोनिनवरून इजेचा अंदाज येतो, पण उरलेल्या स्नायूवर किती ताण आहे ते कळत नाही. त्यासाठी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी उपयोगी पडते. वाढते वय आणि मूत्रपिंडाचा विकार यांमुळे हा आकडा वाढतो, तर लठ्ठपणात तो कमी येतो. त्यामुळे त्यावरून परस्पर निष्कर्ष काढू नये, हे खरे. त्याच्या जोडीला इको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच, आणि तोही एकदाच करून भागत नाही. रक्तपुरवठा सुरळीत झाल्यावरही काही स्नायू जिवंत असूनही काही दिवस ते काही आठवडे नीट आकुंचन पावत नाही, म्हणून पहिल्या दिवसांतले इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलले जाते ते प्रमाण) अंतिम धरता येत नाही. ते 35 टक्के किंवा कमी असलेल्या रुग्णाला अचानक मृत्यू टाळण्यासाठी आयसीडी (हृदयाचे जीवघेणे अनियमित ठोके विजेचा झटका देऊन थांबवणारे छोटे यंत्र) बसवायचे का, हा निर्णयदेखील झटक्यानंतर किमान 40 दिवस थांबूनच घेतात. नेमका त्याच सुमारास रुग्ण घरी बरा असल्याच्या समजुतीत असतो आणि फेरतपासणीचा खर्च टाळतो.

तेव्हा घरी सोडण्यापूर्वीची एनटी-प्रोबीएनपी आणि 6 ते 12 आठवड्यांनी होणारा दुसरा इको, या दोन्ही तपासण्या झटक्याच्या उपचारांच्या मंजूर खर्चातच धराव्यात, त्यांसाठी वेगळी परवानगी लागू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक फिजिशियन