रात्री नऊची गोळी

पुणे, रविवार

चि. अमेयास,
अनेक आशीर्वाद.

काल स्वारगेटला गाडी सुटेपर्यंत तू माझ्याशी धड बोलला नाहीस. पोचल्याचा मेसेजही बाबांनाच केलास. म्हणून लिहायला बसले. तुझ्या आकडीच्या गोळीचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

गुळपोळ्या वरच्या कप्प्यात आहेत. स्टीलचा डबा नलूमावशीचा, तो पोचव.

गोळीची आठवण करणाऱ्या ॲपमधून तू माझं नाव काढलंस. नऊचा गजर वाजल्यावर तू ‘घेतली’ दाबलं नाहीस तर मला निरोप यायचा, एवढंच. "आई, मी तुझा पेशंट नाही," म्हणालास. रात्रभर तेच कानात होतं.

दवाखान्यात मी क्षयाच्या पेशंटांना समोर उभं करून गोळ्या गिळायला लावायचे. डॉट्स म्हणजे तेच. लोक रोजगार बुडवून यायचे. मग 99 डॉट्सची पाकिटं आली. गोळी ढकलून काढली की मागचा लपलेला नंबर दिसायचा. त्या फुकटच्या नंबरावर घरूनच मिस्ड कॉल दिला की आमच्याकडे नोंद. एक रिक्षावाले काका म्हणाले होते, "सिस्टर, आता माणसात आल्यासारखं वाटतं." तेव्हा मला बरं वाटलं होतं, आणि तुझ्या बाबतीत मात्र मी पहारा लावला. चुकलं माझं.

पण अमेय, कॉल आला म्हणजे गोळी पाकिटातून निघाली एवढंच कळायचं. पोटात गेली का, ते यंत्राला दिसत नाही. आणि कॉल आला नाही तर चौकशी करायला माणूसच लागायचा. तिकडे तुझ्या खोलीवर तो माणूस कोण?

विसरणं हा दोष नाही रे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 सालीच लिहिलंय, श्रीमंत देशांतही जुनाट आजाराचे सरासरी निम्मेच पेशंट औषधं नीट घेतात. पण आकडीच्या औषधाला खाडा चालत नाही. त्यात जागरण, त्यात बाइक. एखादी राहिलीच तर मनानं दोन एकदम घेऊ नकोस, डॉक्टरांना विचार.

बघ, आलेच पुन्हा तिथे.

पर्वतीच्या पायऱ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. दहावीची सुट्टी होती. कुणी कांदा हुंगवायला धावलं, कुणी चप्पल. मी तुला कुशीवर वळवून धरलं आणि घड्याळ बघत राहिले. दोन मिनिटं. इतक्या वर्षांची सिस्टर, पण हात थरथरत होते. घरी आल्यावर तुझ्या दप्तरात आदल्या दोन रात्रींच्या गोळ्या सापडल्या. तुला ओरडले नाही. मोरीत जाऊन रडले, हे तुला आज सांगतेय.

तरी तू नोकरी मिळवलीस, एकटा गेलास. आजी असती तर पेढे घेऊन वाडाभर फिरली असती.

माझं नाव नको तर नको. तुझ्या खोलीवरच्या सौरभचं घाल. आकडी आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवायची, हे त्याला सांगून ठेव. मला काही कळवू नकोस. मी त्यालाही विचारणार नाही, निदान रोज तरी नाही.

गुळपोळ्या त्यालाही दे.

तुझी,
आई