कोलोनच्या कॅथीड्रलला दोन तास पुरणार नाहीत

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

जर्मनीतल्या कोलोनला गाडी बदलताना मध्ये जे दोन तास मिळणार आहेत, तेवढ्यात तिथले कॅथीड्रल पाहून होईल का, असे तू विचारले आहेस. स्टेशनातून बाहेर पाऊल टाकताच ते समोर उभे ठाकते, त्यामुळे बहुतेक प्रवासी तसेच करतात. सामान लॉकरमध्ये ठेवतात, आत एक फेरी मारतात, दोन्ही मनोरे एका फोटोत मावत नाहीत म्हणून मागे मागे सरकत राहतात आणि पुढची गाडी पकडतात. तू तसे करू नकोस, पुढची गाडी दुसऱ्या दिवशीची घे. तुझ्या आजोबांना घेऊन मी सुट्टीत तिथे गेले तेव्हा आम्ही दोघांनी ती वास्तू सावकाश पाहिली, आणि सावकाश पाहिल्याशिवाय तिच्यात काय आहे ते कळत नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

आजोबांचा सारा जन्म दगडी बांधकामांवर देखरेख करण्यात गेला, हे तुला ठाऊकच आहे. आजूबाजूचे लोक माना वर करून शिखरांकडे पाहत होते, तेव्हा ते पायथ्याशी वाकून दगड न्याहाळत होते. पश्चिमेच्या दर्शनी भागासमोर उभे राहिल्यावर उजव्या हाताला येणारा जो दक्षिण मनोरा आहे, त्याच्या तळाकडच्या जुन्या दगडाजवळ तूही जा. दगड करडा आहे, आणि त्यात नखाएवढे, क्वचित बोटाच्या पेराएवढे, चपटे व फिकट स्फटिक रुतलेले आहेत. प्रकाश तिरपा पडला की ते काचेसारखे चकाकतात. एखाद्या चिऱ्यात ते सगळे एकाच दिशेने आडवे पडलेले दिसले, की लाव्हा थिजण्यापूर्वी ज्या दिशेने सरकत होता ती दिशा आपण पाहत आहोत असे समजावे, असे आजोबांनी मला सांगितले. हा ट्रॅकाइट नावाचा ज्वालामुखीतला दगड ऱ्हाइन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ड्राखेनफेल्स या डोंगरातून काढलेला आहे. तो नावांतून प्रवाहाबरोबर थेट शहराच्या काठाला आणता येत असे, त्यामुळे मध्ययुगातल्या बांधकामाला तोच सोयीचा होता.

या बांधकामाचा पाया १५ ऑगस्ट १२४८ रोजी कोलोनचे आर्चबिशप, म्हणजे तिथले मुख्य धर्मगुरू, कोनराड फोन होखश्टाडन यांच्या हस्ते घातला गेला आणि गेरहार्ड हे त्याचे पहिले मुख्य स्थपती होते. त्याच्याही आधी, ११६४ मध्ये, बेथलेहेमला बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्या तीन ज्ञानी राजांचे मानले जाणारे पवित्र अवशेष मिलानहून कोलोनला आणले गेले होते, आणि त्यांच्या दर्शनासाठी युरोपभरातून यात्रेकरू येऊ लागले होते. अवशेषांसाठी सोन्याचांदीची भव्य पेटी घडवली गेली होती. एवढा ठेवा आणि एवढे यात्रेकरू यांना साजेशी वास्तू हवी, या इच्छेतून हे काम सुरू झाले. पूर्वेकडचा वेदीचा भाग १३२२ मध्ये पूर्ण होऊन त्याचा अभिषेक झाला आणि पश्चिमेची बाजू तात्पुरती भिंत घालून बंद करण्यात आली. ती तात्पुरती भिंत १८६३ पर्यंत उभी होती.

याचे कारण असे की सोळाव्या शतकात काम थांबले. देणग्या आटल्या, कॅथलिक चर्चपासून प्रोटेस्टंट वेगळे झाले त्या धर्मसुधारणेच्या चळवळीने काळ बदलला, आणि दक्षिण मनोरा पन्नास मीटरांहून थोडा वर गेलेला असताना कारागीर खाली उतरले. दगड उचलण्यासाठी वर बसवलेले लाकडी यंत्र मात्र तसेच राहिले. अर्धवट मनोऱ्याच्या माथ्यावरून वाकलेली ती क्रेन कोलोनच्या जुन्या चित्रांत शेकडो वर्षे दिसते, आणि ती १८६८ मध्ये उतरवली गेली तेव्हा तिच्याशिवाय शहर पाहिलेला माणूस तिथे कोणी उरलेला नव्हता. फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने १७९४ नंतर या वास्तूचा कोठार म्हणून वापर केला. अशा अवस्थेतली वास्तू पाडून तिचे दगड विकणे कोणालाही सुचले असते, आणि त्या काळात इतरत्र तसे घडलेही आहे.

इथून पुढची हकिगत मला सर्वांत मोलाची वाटते. दर्शनी बाजू कशी असावी याचा मध्ययुगात चर्मपत्रावर काढलेला, चार मीटरांहून उंच असा मूळ आराखडा क्रांतीच्या धामधुमीत नाहीसा झाला होता. त्याचा अर्धा भाग १८१४ मध्ये डार्मश्टाट गावी सापडला आणि उरलेला अर्धा १८१६ मध्ये पॅरिसला मिळाला. झुल्पिट्स ब्वासरे या कोलोनच्या अभ्यासकाने हे काम पुरे व्हावे म्हणून आपले आयुष्य वेचले. अखेर १८४२ मध्ये, कोलोन तेव्हा ज्यात होते त्या प्रशिया राज्याचे राजे चौथे फ्रीडरिश विल्हेल्म यांनी नव्या कामाचा दगड बसवला. स्वतः प्रोटेस्टंट असलेल्या राजाने कॅथलिकांच्या कॅथीड्रलसाठी सरकारी तिजोरी उघडली आणि उरलेला पैसा नागरिकांनी स्थापन केलेल्या मंडळाने उभा केला. त्स्विर्नर या स्थपतींनी १८६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत हे काम सांभाळले आणि पुढे फोइग्टल यांनी ते शेवटास नेले. दोघांनाही आपापल्या काळाच्या आवडीप्रमाणे मनोरे रचता आले असते. पण त्यांनी बाह्यरूपात त्या जुन्या आराखड्याची मर्यादा पाळली आणि आपले नवे ज्ञान जिथे डोळ्यांना खुपणार नाही तिथे वापरले. वरच्या छपराचा सांगाडा त्यांनी लाकडाऐवजी लोखंडाचा केला, तो अशा विचारानेच. १५ ऑक्टोबर १८८० रोजी सम्राट पहिले विल्हेल्म यांच्या उपस्थितीत पूर्णतेचा सोहळा झाला, तेव्हा सरकार आणि चर्च यांच्यातल्या संघर्षामुळे कोलोनचे आर्चबिशप परदेशात आश्रयाला होते. एवढ्या दीर्घ कामाच्या अखेरच्या दिवशी ज्यांच्या घरचे कार्य तेच तिथे नसावेत, याचे मला वाईट वाटते.

आता पुन्हा दगडाकडे येते, कारण आजोबांनी दाखवले नसते तर मला हे कधीच उमगले नसते. काम पुन्हा सुरू झाले तोवर ड्राखेनफेल्सचा दगड मिळेनासा झाला होता. खाणीमुळे डोंगरमाथ्यावरच्या किल्ल्याचे अवशेष कोसळू लागले होते, म्हणून सरकारने १८३६ मध्ये तो माथाच विकत घेऊन त्याचे रक्षण केले होते. मग इतर ठिकाणांहून दगड आणावा लागला. त्यांपैकी दक्षिण जर्मनीतल्या श्लाइटडॉर्फचा वालुकाश्म घडवायला चांगला होता, परंतु त्याचे कण ज्या चुनखडीसारख्या द्रव्याने बांधलेले आहेत ते गिरण्यांच्या आणि आगगाड्यांच्या धुराने आम्लयुक्त झालेल्या पावसात विरघळू लागले. त्यामुळे सहाशे वर्षांपूर्वीच्या कामापेक्षा दीडशे वर्षांपूर्वीचे काम काही ठिकाणी अधिक झिजलेले आहे. झिजलेले चिरे काढून तिथे टिकाऊ दगड, विशेषतः लोंडॉर्फचा बेसाल्ट, बसवण्याचे काम कॅथीड्रलच्या स्वतःच्या कार्यशाळेतले पाथरवट, मूर्तिकार, सुतार आणि काचकारागीर वर्षभर करत असतात. म्हणून तू जाशील तेव्हा कुठल्या ना कुठल्या बाजूला परांची बांधलेली असेल. तिच्यामुळे फोटो बिघडला अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतील. आजोबा मात्र परांचीच अधिक वेळ पाहत उभे होते, आणि त्यांचे बरोबर होते असे मला वाटते. बाहेरचा काळेपणाही असाच समजून घ्यावा. काजळी आणि आम्लयुक्त पाऊस यांनी दगडावर धरलेले ते पापुद्रे आहेत, कोणी मुद्दाम दिलेला रंग नाही.

दर्शनी बाजूच्या तीन दारांपैकी दक्षिण मनोऱ्याच्या पायथ्याचे दार तेवढे मध्ययुगातले आहे. बाकीची दोन एकोणिसाव्या शतकातली आहेत. आत शिरण्यापूर्वी त्या तिन्हींच्या मूर्तींचे चेहरे शेजारी शेजारी पाहून घे.

आत गेल्यावर लाल झगे घातलेले सेवक दिसतील. डोक्यावर टोपी असेल तर ते काढायला सांगतात आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, चालू असेल तर फिरू देत नाहीत. त्यांचे म्हणणे मनापासून ऐक, कारण ते आधी प्रार्थनास्थळ आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत. आम्ही गेलो तेव्हा मिस्सा सुरूच होती, म्हणून मागच्या बाकावर बसून राहिलो, आणि त्यामुळेच छताची उंची नीट अंगावर आली. मधल्या दालनाचे कमानदार छत सुमारे ४३ मीटर उंच आहे आणि त्याचा भार भिंतींवर न पडता खांबांतून व बाहेरच्या आधारकमानींतून जमिनीत उतरतो. म्हणूनच भिंतींच्या जागी एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवता आल्या. गाणे थांबल्यावरही सूर काही क्षण वर रेंगाळत राहतो, तो नीट ऐक.

मुख्य वेदीच्या मागे तीन राजांच्या अवशेषांची पेटी आहे. व्हर्डनचे निकोलस या सुवर्णकाराच्या हातून तिच्या घडणीला सुमारे ११९० मध्ये आरंभ झाला. तिच्या बाजूंवर बसलेल्या संदेष्ट्यांच्या वस्त्रांच्या चुण्या जवळून पाहिल्या म्हणजे धातू इतका मऊ कसा दिसू शकतो याचे नवल वाटते. उत्तरेच्या बाजूला गेरो आर्चबिशपांच्या नावाने ओळखला जाणारा लाकडी क्रूस आहे. तो दहाव्या शतकातला, म्हणजे या वास्तूहूनही जुना आहे. त्यावरचा ख्रिस्त विजयी राजासारखा ताठ नाही, त्याची मान कलली आहे आणि पोट सैल सुटले आहे. आपल्या धर्मातली नसलेली ती मूर्ती पाहताना आजोबांनी हात जोडले, आणि माझेही हात आपोआप जुळले.

खिडक्यांबाबत आम्हा दोघांचे एकमत झाले नाही, ते तुला सांगायला हवे. सर्वांत जुनी खिडकी सुमारे १२६० ची असून ती पूर्वेच्या टोकाच्या छोट्या प्रार्थनाघरात आहे. दुसऱ्या महायुद्धात मध्ययुगीन काचा आधीच उतरवून ठेवल्यामुळे ती वाचली. दक्षिण बाजूच्या मोठ्या खिडकीच्या काचा मात्र युद्धात गेल्या, आणि तिथे २००७ मध्ये गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराच्या कल्पनेनुसार ७२ रंगांचे अकरा हजारांहून अधिक लहान चौकोन बसवले गेले. रंगांची मांडणी बरीचशी संगणकाने यदृच्छेने ठरवली आहे आणि तीत एकही संत नाही, एकही प्रसंग नाही. त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल माइसनर यांनाही ती पसंत पडली नव्हती, आणि आजोबांचे मत त्यांच्या बाजूचे आहे. मंदिर असो वा चर्च, तिथल्या चित्राने भाविकाला काही सांगितले पाहिजे, असे ते म्हणतात. मला ती खिडकी फार आवडली. दुपारी ऊन आले की करड्या खांबांवर आणि फरशीवर जे रंग सांडतात, ते शेजारच्या जुन्या काचांच्या रंगांशी नाते सांगतात असे मला वाटले. तू दुपारीच तिथे उभी राहा आणि मग तुझे मत ठरव.

युद्धात या वास्तूवर १४ मोठे बॉम्ब पडले. भोवतालचे शहर जवळजवळ नष्ट झाले, ही उभी राहिली. छपराचा सांगाडा लोखंडी असल्यामुळे आग भडकली नाही, हे त्याचे एक कारण. उत्तर मनोऱ्याच्या एका आधाराला १९४३ मध्ये मोठे भगदाड पडले, तेव्हा मनोरा ढासळू नये म्हणून ते घाईघाईने विटांनी बुजवले गेले. तो विटांचा ठिगळ पन्नासहून अधिक वर्षे उघडा दिसत होता. पुढे १९९६ ते २००५ या काळात तो मूळ नक्षीबरहुकूम घडवलेल्या दगडांनी झाकण्यात आला. काम अत्यंत निगुतीने झाले आहे यात शंका नाही, तरीही त्या विटा थोड्या तरी दिसत राहायला हव्या होत्या, असे मला प्रामाणिकपणे वाटते. संकटात हाती असेल त्या सामानाने मनोरा सावरणाऱ्यांचे कामही त्या वास्तूच्या इतिहासातलेच आहे.

दक्षिण मनोऱ्याचा जिना शेवटी चढ. पायऱ्या ५३३ आहेत, लिफ्ट नाही, आणि गोल जिन्यात वर जाणारे व खाली येणारे एकमेकांना घासूनच जातात. आजोबांना मी खालीच बसवले होते. वाटेत घंटाघर लागते. तिथली १९२३ मध्ये ओतलेली सेंट पीटरची घंटा सुमारे २४ टन वजनाची आहे. मनोऱ्यांची पूर्ण उंची १५७ मीटर असली तरी जिना सुमारे ९७ मीटरांपर्यंतच नेतो. तिथून वर पाहिले की दगडी जाळीचे पोकळ शिखर डोक्यावर येते, आणि काळवंडलेल्या चिऱ्यांमध्ये मधून मधून बसवलेले फिकट रंगाचे नवे चिरे सहज ओळखता येतात. चढण्यापूर्वी चौकात जमिनीवर ठेवलेली शिखराच्या टोकावरच्या दगडी फुलाची प्रतिकृती अवश्य बघ. ती मूळ आकाराची, सुमारे साडेनऊ मीटर उंच आहे. तिच्या शेजारी एकदा उभे राहिल्यावर वर दिसणाऱ्या चिमुकल्या टोकाचे माप मनात बसते.

रविवार आणि मोठे सण टाळ, नाहीतर बराचसा भाग पाहायला मिळणार नाही. आम्ही होतो तेव्हा परांची कोणत्या बाजूला होती हे आजोबांनी त्यांच्या वहीत लिहून ठेवले आहे; आता ती कुठवर सरकली आहे आणि तिच्यामागे कोणता दगड बदलत आहेत, हे त्यांना तुझ्याकडून सविस्तर कळायला हवे आहे.

तुझी,
आई