चाकं सायक्लोक्रॉसच्या हिशेबाने घे

प्रिय मंदार,

एकच चाकांची जोडी घ्यायची म्हणतोस, रस्त्यालाही आणि सायक्लोक्रॉसलाही (म्हणजे चिखल-मातीतल्या शर्यतींना), आणि तीही ट्युब्युलर, म्हणजे गोंदाने रिमला चिकटवायच्या टायरची! हौसेला मोल नसतं, हे खरं. पण हट्टाला पेटलाच आहेस तर माझं म्हणणं ऐक: रिम निवडताना सायक्लोक्रॉसचा विचार आधी कर. रस्ता सांभाळून घेतो, चिखल घेत नाही.

का, ते सांगतो. ट्युब्युलर टायर अडकून बसावा अशी रिमला वळलेली कड नसते, टायर नुसता गोंदावर बसतो. रस्त्यावर 90-100 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली की टायर स्वतःच आवळून रिमला धरतो, गोंदाला तेवढाच हातभार. सायक्लोक्रॉसला तू 33 मिमीचा टायर लावणार (यूसीआय, म्हणजे जागतिक सायकल संघटनेच्या शर्यतीत त्याहून रुंद चालतच नाही) आणि हवा ठेवणार 25 पीएसआयच्या आसपास. एवढ्याशा हवेत ती पकड फारशी उरत नाही. तिरक्या उतारावर चाक आडवं रेटलं गेलं की सगळी भिस्त गोंदावर, त्यातही कडेच्या गोंदावर. टायर उचकटायला लागतो तो कडेपासूनच.

म्हणून रुंद रिम. जुन्या 19-20 मिमीच्या रिमवर टायर बसायची पन्हळ अरुंद. एवढा जाड टायर तिच्या दोन कडांवर टेकतो आणि मधे पोकळी राहते. ती भरायला मग गोंदात भिजवलेली सुती पट्टी घालत बसायचं. 24-25 मिमीच्या रिमवर बैठक मोठी मिळते आणि वळणावर टायर कुशीवर लोळत नाही. कार्बनची रिम टिकेल का, ही शंका मात्र सोड. 2010 मध्ये कॅन्सेलारा पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत जिंकला तो कार्बनच्या झिप 303 चाकांवरच, आणि तिथले दगड काही तुझ्या चिखलापेक्षा मऊ नाहीत.

पण रुंदीच्या आकड्याला भुलू नकोस. तो आकडा बाहेरच्या मापाचा असतो. तुला हवी ती पन्हळीची गोलाई. विकत घेण्याआधी कुणाची तशी रिम हाताशी मिळाली तर पन्हळीला खडू चोळ, टायर गोंदाशिवाय चढव, थोडी हवा भर, मग उतरवून टायरच्या तळाला शिवलेली पट्टी बघ. खडू दोन बारीक रेघांत उमटला तर पन्हळ अरुंद. फक्त मधोमध उमटला तर टायर बारीक पडतो. पट्टीभर पांढरं दिसलं की जोडी जमली. रुंद रिमवर 25 मिमीचा टायर बहुधा असा मधोमधच टेकेल, म्हणून रस्त्याला 28 मिमीचा घे. त्यात तुझं नुकसान काही नाही, उलट पाठ दुआ देईल.

रिमची खोली (टायरपासून आऱ्यांपर्यंतची उंची) 30-40 मिमी पुरे. त्याहून खोल रिम आडव्या वाऱ्यात हँडल ओढते.

ब्रेक डिस्क असतील, म्हणजे चाकाच्या मधल्या तबकडीवर लागणारे, तर विषय संपला. रिमलाच घासणारे रिम ब्रेक असतील तर कार्बनवर लांब उतारात रिम तापून गोंद मऊ पडू शकतो, शिवाय ब्रेकचे पॅड वेगळे लागतात. तशा सायकलला मी ॲल्युमिनियमची रिम घेईन. जड पडते, पण घोर नाही.

आता तुला न आवडणारी गोष्ट. शनिवारी चिखल आणि रविवारी रस्ता, हे एका जोडीवर होणार नाही. जुना टायर सोलायचा, रिमवरचा खराब गोंद खरवडायचा, रिमला आणि पट्टीला पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, टायर ताणून सरळ बसवायचा आणि वर निदान एक दिवस चाकाला हात लावायचा नाही. घाईत हे काम करायचं नाही म्हणजे नाही. म्हणून सायक्लोक्रॉसच्या हंगामभर 33 चा टायर राहू दे, हंगाम संपला की 28 चा लाव. पुढेमागे पैसे जमले की त्याच रिमची दुसरी जोडी घे. रुंदी तीच असली की चाक बदलताना ब्रेकशी खटपट उरत नाही.

ऑर्डर टाकण्याआधी सायकलच्या दोन्ही एक्सलची मापं आणि ब्रेकचा फोटो पाठव. ते बघितल्याशिवाय हबबद्दल (चाकाच्या मधल्या तुंब्याबद्दल) मी काही बोलणार नाही.

तुझा,
अभय