इंचभर असुर आणि वीस बाजूंचा फासा

विगो, स्पेन

प्रिय दादा आणि वहिनी,
स. न. वि. वि.

डबा पोचल्याचं वहिनीच्या फोनवरून कळलं. ओळखीचा एकजण मोपाला उतरणार होता, त्याच्याच बॅगेत कोंबला होता. उघडल्यावर तू म्हणालास म्हणे, "मेल्यान पैसे धाडूचे सोडून बाहुले धाडल्यान." बाबू मात्र तेव्हापासून ते उशाशी घेऊन झोपतोय. तेव्हा हे पत्र निम्मं त्याला, निम्मं तुला.

डब्यात आहे तो लढाईचा खेळ: टेबलावर धातूचे इंचभर सैनिक मांडून खेळतात. नाव इन्फिनिटी. विगोच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे कांगास गाव दिसतं, लाँचने जाता येतं. मधे शिनाण्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, शेती: लाकडी तराफे नांगरलेले आणि त्यांना लटकणाऱ्या दोरांवर शिनाणे वाढवलेले. त्या कांगासच्या कोर्व्हुस बेली कंपनीने २००५ साली हा खेळ बाजारात आणला. आता तो जगभर खेळतात. इथे पाऊस लागला की माणसं घरात बसतात, आणि पाऊस तर आपल्यासारखाच हट्टी. मला कामावरच्या एकाने ओढून नेलं आणि मी तिथलाच झालो.

गोष्ट पुढल्या पावणेदोनशे वर्षांनंतरची. माणसं दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर वस्ती करून भांडतायत. पॅनओशनिया नावाच्या बलाढ्य सत्तेत भारतही आहे, ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियासोबत. आणि बहुतेक सगळ्यांचा कारभार बघणारी अलेफ नावाची कृत्रिम बुद्धी आहे. तिच्या सैनिकांची नावं ऐक: असुर, देव, गरुड, डाकिनी. तिच्या काळातल्या इंटरनेटला म्हणतात माया! जन्मभर दशावतारात असुरांना पहाटेपर्यंत मार खाताना बघितलं, आणि इथे ते माणसांच्या बाजूने लढतायत. मी दुसरी फौज घेणं शक्यच नव्हतं.

आता बाबूसाठी. यात शेकडो सैनिक नसतात. पूर्ण डाव तीनशे गुणांचा, त्यात जास्तीत जास्त पंधराएक जण. आपल्याकडे जितकी माणसं, तितक्या ऑर्डर, म्हणजे हुकूम. पण साध्या ऑर्डर सगळ्या एकालाच दिल्या तरी चालतं; बाकीचे कोपऱ्यात बसून त्याला बळ पुरवतात. आणि खरी मेख पुढे आहे. तुझी पाळी चालू असताना समोरचा चहा पीत बसत नाही. तुझा गडी हलला आणि त्याच्या ज्या ज्या माणसाला तो दिसला, त्या प्रत्येकाला लगेच उत्तर द्यायचा हक्क. भिंतीआडून डोकं काढायच्या आधी घाम फुटतो. मला या खेळाने धरून ठेवलं ते याच एका नियमाने.

गोळीबार असा. फासा वीस बाजूंचा, आणि आपल्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी पडला तर यश. समज तुझ्या गड्याचं कसब १२. साधी कॉम्बी रायफल, समोरचा सोळा इंचांच्या आत, म्हणून +३. तो आडोशाला आहे म्हणून -३. परत १२. पाळी तुझी, म्हणून तीन फासे: ७, १०, १६. सोळा फुकट गेला. समोरच्याला उत्तरात एकच फासा, त्याला हवेत ११, पडले ९. दोघंही यशस्वी, मग ज्याचा मोठा तो जिंकला. तुझा दहा त्याच्या नवाला खातो, सात मरतो. एक गोळी लागली. चिलखतावर निभावलं का ते बघायला त्याने आता आणखी एक फासा टाकायचा. आणि गोळीबारात फासा नेमका आपल्या आकड्याइतकाच पडला तर तो सगळ्यांत भारी, मग दहाचा बाप असला तरी हरतो.

बाबू, आणखी काही विकत घ्यायचं नाही. नियम कंपनीच्या साइटवर फुकट आहेत. 'कोड वन' म्हणून सोपी आवृत्ती निघाली होती, ती मिळाली तर आधी ती घे, दोन्हीकडे पाच-सहा माणसं पुरेत. बाहुले कमी पडतील तिथे पुठ्ठ्याचे करा. पायाखालचं बैठकीचं वर्तुळ २५ मिलिमीटरचं लागतं. दहा रुपयांचं नाणं २७ चं असतं, चालवून घ्या. त्यावर पुठ्ठ्याचा माणूस उभा चिकटव, आडवा नको, कारण कोण कोणाला दिसतं यावरच सगळं आहे. मोजपट्टी इंचांची. आणि मैदान भरगच्च हवं. मोकळ्या मैदानावर पहिल्या पाळीतच सगळे गारद होतात आणि मग पोरं म्हणतात खेळ वाईट. थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा गेल्या मखराचा पुठ्ठा माळ्यावर असेलच. त्याच्या इमारती करा, काहींआड माणूस पूर्ण लपेल आणि काहींआड अर्धाच.

दादा, रंगकाम तुझं. धातूच्या तुकड्यांवर साच्याच्या जोडाची रेघ असते, ती बारीक कानशीने घासायची. मूर्तीचा जोड तू घासतोस तसाच हात लागेल. मग साबणाच्या पाण्याने धू, तेल राहिलं तर रंग धरत नाही. हात-डोकी सुपरग्लूने. प्रायमरचा स्प्रे मी मुद्दाम धाडला नाही, कारण श्रावणातल्या दमट हवेत तो खरबरीत बसतो. ब्रशने लावायचा दिलाय. रंग पाण्याचे आहेत, पातळ करून दोन हात. एकाच जाड हातात चेहऱ्याचं नाक-डोळे सगळं बुजतं. इथे नवखे लोक डोळ्यांना घाबरतात, टाळतात, हेल्मेटवालेच घेतात. गणपतीच्या शाळेत रात्री अडीचला दिव्याखाली मूर्तीच्या डोळ्यांची एका दमात आखणी करणारा माझा भाऊ आहे, हे मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय. ते विश्वास ठेवत नाहीत. तुझा तो झिजलेला बारीक ब्रश इथे चालेल. फक्त आधी डोळे कर आणि मग कातडीचा रंग कडेने आत आण. उलट केलंस तर इवल्याशा चेहऱ्यावर दुरुस्तीला जागाच नसते.

चतुर्थीचं काम आटोपल्याशिवाय हात लावू नकोस, गिऱ्हाइकं ओरडतील. एक असुर रंगव आणि फोटो धाड. कुठला रंग, ते तू ठरव. आईला गुडघ्याचं तेल लावतेस का विचार. रजा मिळाली तर सातव्या दिवसापर्यंत येतो.

तुझा,
धाकटा